कापडी पंखांची माणसं

सुरुवातीची विमानं कापडाची होती. काळाचौकी, लालबाग, शिवडी या पट्ट्यात ज्यांच्या घरातल्या दोन-तीन पिढ्या साचेखात्यात राबल्या, त्यांना हे पटकन उमजेल. लाकडाच्या हलक्या फासळ्यांचा, तारांनी आवळलेला सांगाडा. त्यावर ताणून शिवलेलं लिननचं कापड. आणि कापडाला कांजी द्यावी तसं त्यावर चढवलेलं 'डोप' नावाचं उग्र वासाचं रोगण. हे रोगण सुकलं की कापड आक्रसून ताठ होई आणि वारा-पाणी सहन करी. ठिणगी पडली तर मात्र तेच रोगण भडकून पेटे. पहिल्या महायुद्धात आयर्लंडचं लिनन पुरेनासं झालं, तेव्हा अमेरिकेने घट्ट विणीचं सुती कापड विमानांना चढवलं. आपल्या गिरण्यांतून गाठोड्यांवर गाठोडी कापड बाहेर पडत होतं, त्याच वर्षांत दूर देशी काही तरुण कापडाच्याच भरवशावर दहा-पंधरा हजार फुटांवर जात होते.

त्यांतला एक तरुण मुंबईचा होता, मराठी होता. श्रीकृष्ण वेलिंगकर त्याचं नाव. सोम नदीच्या खोऱ्यावर, जर्मन विमानांशी लढताना तो पडला आणि तिथेच त्याची माती झाली. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मुंबईतला पहिला विमानवीर कोण, असं विचारलं तर नव्वद टक्के लोक शिवकर बापूजी तळपदे हेच नाव सांगतील. म्हणून आधी तळपद्यांबद्दल बोलायला हवं.

तळपदे पाठारे प्रभू समाजातले. जन्म १८६४चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा संबंध होता. तिथले चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळे ते स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याकडे वळले आणि वेदांतल्या विमानांचा शोध हा त्यांचा ध्यास झाला. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान माणसाशिवाय आकाशात चढवलं, ते पंधराशे फुटांवर गेलं आणि खाली आलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तिथे हजर होते, अशी ही कथा आहे. तिच्यावर लेख लिहिले गेले, पुस्तकं आली, २०१५ साली 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही आला.

या कथेत आपला अभिमान गुंतलेला आहे, हे मी जाणतो. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी गिरगावच्या एका कलाशिक्षकाने विमान उडवलं, ही कल्पना कुणाला सुखावणार नाही? पण इतिहास लिहायचा तर कागद मागावा लागतो. पंधराशे फुटांच्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. याच मुंबईत, पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली; त्या खेळाची जाहिरात 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापलेली आहे आणि आज कुणीही ती वाचू शकतो. पडद्यावर आगगाडी हलली याची नोंद ज्या शहराने जपली, त्या शहराने चौपाटीवरून आकाशात गेलेल्या यंत्राची नोंद ठेवली नसती का?

आणखी एक गोष्ट. तळपद्यांच्या यंत्राशी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचं नाव हटकून जोडलं जातं. तो ग्रंथ आज आपल्यासमोर आहे त्या रूपात पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला आणि लिहून घेतला गेला. तोवर तळपदे हे जग सोडून गेलेले होते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्या ग्रंथातली विमानं तपासली. भाषा, आकार, वजन, उचल, सगळं गणिताने पडताळून त्यांनी निष्कर्ष काढला की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात सांगितलेली यानं उडू शकत नाहीत. तळपद्यांच्या कथेत येणारं पाऱ्यावर चालणारं इंजिनही त्या काळच्या किंवा आजच्या कोणत्याही ज्ञात नियमात बसत नाही.

यामुळे तळपदे लहान होतात असं मला वाटत नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, यंत्रशाळा हाताशी नसताना, उडणाऱ्या यंत्रामागे आयुष्य लावणारा माणूस आदराला पात्रच आहे. त्या दशकात जगभर असे झपाटलेले लोक होते. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल पंखांच्या सांगाड्याला लटकून टेकडीवरून दोन हजारांवर वेळा तरंगला आणि ऑगस्ट १८९६मध्ये पडून मेला. अमेरिकेत सॅम्युअल लँग्लीचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर तीन हजारांवर फूट अंतर उडालं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे उभे होते आणि त्यांनी त्याचा फोटो घेतला. १७ डिसेंबर १९०३ला किटी हॉकच्या वाळूत ऑर्व्हिल राइट १२ सेकंदांत १२० फूट गेला, आणि त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट. या उड्डाणांचेही फोटो आहेत, पाच साक्षीदार आहेत, वही आहे. राइट बंधूंचं मोठेपण त्या १२ सेकंदांपेक्षा त्या वहीत जास्त आहे. घरी बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात त्यांनी पंखांचे आकार एकामागून एक तपासले, मोजमापं मांडली, चुकलेली फेकून दिली. तळपद्यांची वही आपल्या हाती असती तर त्यांच्याबद्दल आज ठाम काही बोलता आलं असतं.

हिंदुस्थानच्या आकाशात माणूस याआधीही गेला होता, पण बलूनमधून. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत आणि कलकत्त्यात बलूनचे आणि हवाई छत्रीचे प्रयोग केले, आणि त्याच वर्षी कलकत्त्याचे रामचंद्र चटर्जी स्वतः बलून घेऊन वर गेले. इंजिनाचं विमान आलं ते १९१०च्या सुमारास, परदेशी वैमानिकांच्या सोबत. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके हा तेविशीतला फ्रेंच वैमानिक सहा हजारांवर पत्रांची थैली घेऊन उडाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर दहा-बारा किलोमीटरचं, वेळ तेरा मिनिटांचा. जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल म्हणून ती फेरी नोंदली गेली. विमान हे पत्रं वाहून नेण्याचं वाहन होऊ शकतं, हे आपल्या मातीवर सर्वांत आधी दिसलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तोवर उडणारे गोरे आणि बघणारे आपण, अशीच वाटणी होती. ती मोडली महायुद्धाने.

१९१७पर्यंत हिंदी माणसाला ब्रिटिश फौजेच्या लढाऊ तुकड्यांत राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारीपद, मिळत नव्हतं. शिपाई म्हणून लाखो जण गेले, त्यांतले कित्येक मेसोपोटेमियात आणि फ्लँडर्सच्या चिखलात मेले. त्यांत सातारा-रत्नागिरीकडचे मराठेही होते. पण हुकूम द्यायचा तो गोऱ्यानेच. विमानदलात तर बहुतेक वैमानिक अधिकारीच असत, त्यामुळे दार आणखी घट्ट बंद. इंग्लंडमध्ये शिकत असलेल्या चार हिंदी तरुणांनी ते उघडायला लावलं. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक, ऑक्सफर्डचे विद्यार्थी. त्यांचे तिथले शिक्षक विमानदलाच्या प्रमुखांपर्यंत गेले, तेव्हा एप्रिल १९१७मध्ये त्यांना कमिशन मिळालं. पगडीवर बसेल असं खास मोठं शिरस्त्राण चढवून ते उडत. कलकत्त्याचे एरॉल चंदर सेन जर्मनांच्या कैदेत गेले. कलकत्त्याचाच इंद्रलाल रॉय, वय अवघं एकोणीस. ९ ते १९ जुलै १९१८ या दिवसांत त्याने शत्रूची दहा विमानं पाडल्याची नोंद झाली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. आणि चौथा आपला वेलिंगकर.

श्रीकृष्ण वेलिंगकर १८९४ साली मुंबईत जन्मला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकायला गेला. तिथून घरी परत येऊन वकिली, सरकारी नोकरी, सुखाची मलबार हिलची संध्याकाळ, हे सगळं त्याच्यासाठी मोकळं होतं. त्याने इंग्लंडमध्येच विमान चालवायला शिकून घेतलं आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरकाव मिळवला. १ एप्रिल १९१८ला फ्लाइंग कोअर आणि नौदलाचा हवाई विभाग एक होऊन रॉयल एअर फोर्स झाली. वेलिंगकर पोचला तो तिच्या २३व्या स्क्वाड्रनमध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर.

या स्क्वाड्रनकडे 'सॉपविथ डॉल्फिन' ही विमानं होती. त्यांची रचना समजून घेतली तर त्या तरुणाच्या धैर्याची कल्पना येते. सर्वसाधारण दुपंखी विमानात वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असतो. डॉल्फिनमध्ये उलटं होतं. वरचा पंख थेट वैमानिकाच्या डोक्याच्या रेषेत, आणि त्याच्या मधोमध एक चौकट उघडी ठेवलेली. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून पंखाच्या वर निघालेलं असे. वरचं आकाश त्याला चारही बाजूंनी मोकळं दिसे, आणि शत्रू वरून झडप घालण्याच्या त्या युद्धात तो मोठा फायदा होता. पण उतरताना चाक खड्ड्यात गेलं आणि विमान पालथं झालं, तर सगळा भार सरळ वैमानिकाच्या मानेवर. समोर दोनशे अश्वशक्तीचं हिस्पानो इंजिन, जवळच पेट्रोल, भोवती रोगण फासलेलं कापड. दहा-पंधरा हजार फुटांवर बोटं बधिर करणारी थंडी, आणि ऑक्सिजन विरळ. हवाई छत्री तर ब्रिटिश वैमानिकांना दिलेलीच नव्हती. विमान पेटलं की दोनच वाटा उरत, जळणं किंवा उडी टाकणं. नव्या वैमानिकाचं आयुष्य आघाडीवर कित्येकदा आठवड्यांत मोजलं जाई, आणि हे ठाऊक असूनही रोज सकाळी ही मुलं धावपट्टीकडे चालत जात.

२१ मार्च १९१८पासून जर्मनांनी पश्चिम आघाडीवर निकराचा जोर लावला होता. आमियां शहर पडलं तर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांची ताटातूट होणार होती. या शहराच्या पूर्वेला, सोमच्या दोन्ही बाजूंना, वसंतभर आणि उन्हाळाभर रक्त सांडत राहिलं. २७ जून १९१८ रोजी लेफ्टनंट वेलिंगकर गस्तीवर गेला तो परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती पडला आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांच्याच इस्पितळात मरण पावला. वय तेवीस. त्यांनी त्याला पुरलं, पण नाव नोंदताना चूक झाली, त्यामुळे ही कबर मुंबईच्या वेलिंगकरची आहे हे ठरायला युद्ध संपल्यावरही बराच काळ गेला. आज ती आमियांजवळच्या हँगार्ड गावातल्या युद्धस्मशानात आहे. साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एक, अशा अर्थाचा गौरव तिच्यावर कोरलेला आहे.

त्या मजकुरापाशी मी प्रत्येक वेळी अडखळतो. ज्या साम्राज्याने त्याला मेल्यावर पुत्र म्हटलं, त्यानेच आदल्या वर्षापर्यंत त्याच्यासारख्यांना दारात उभं केलं नव्हतं. आणि त्याच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांच्या आत त्याच साम्राज्याच्या गोळ्या जालियनवाला बागेत सुटल्या. कदाचित म्हणूनच स्वातंत्र्याच्या चळवळीत न्हाऊन निघालेल्या मुंबईला परक्यांच्या युद्धात पडलेल्या मुलाचं काय करायचं ते कळलं नसावं. पण तो लढला तो कुणाच्या गुलामीसाठी नाही. 'तुम्हाला हे जमणार नाही' असं ज्यांना सांगितलं गेलं होतं, त्यांच्या वतीने ते करून दाखवायला तो वर गेला. हिंदी माणूस विमान चालवू शकतो का, हा प्रश्न या चौघांनंतर कुणी गांभीर्याने विचारू शकला नाही.

युद्ध संपलं आणि विमानं स्वस्तात विकायला निघाली. जानेवारी १९२०मध्ये रॉयल एअर फोर्सने कराची-मुंबई टपाल हवेतून नेऊन पाहिली. सहा-सात आठवड्यांत ते थंडावलं. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं काही नाही. मग १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब उभा राहिला. तेव्हाचं जुहू म्हणजे नारळी-ताडांची वाडी, कोळी-ईस्ट इंडियनांची वस्ती आणि खाजणाची जमीन. धावपट्टी कसली, सपाट केलेली मातीची पट्टीच. पावसाळ्यात तिचं तळं होई. याच जागेवरून एका चोवीस वर्षांच्या तरुणाने विमान शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता १ आणि नाव होतं जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा.

जेआरडींचं बालपण अर्धं फ्रान्समध्ये गेलं. समुद्रकाठच्या आर्देलो गावी त्यांच्या उन्हाळी घराशेजारी लुई ब्लेरिओचं घर होतं. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा हाच तो ब्लेरिओ. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर विमानं वाळूवर उतरत होती. ते वेड पुढे सुटलं नाही.

नोव्हेंबर १९२९मध्ये आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर कोणत्याही दिशेने, एकट्याने, ठरलेल्या मुदतीत जो हिंदी वैमानिक पहिला कापेल त्याचं ते बक्षीस. तिघे उतरले. मनमोहन सिंग, जेआरडी आणि कराचीचा सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनियर. तिघांचीही विमानं जिप्सी मॉथ, उघडी, कापडी, एका इंजिनाची. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज नाही. नकाशा मांडीवर, होकायंत्र समोर आणि खाली दिसेल ती नदी किंवा रेल्वे हाच वाटाड्या. जेआरडी ३ मे १९३०ला कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अ‍ॅस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे येत होता. इजिप्तमधल्या अबूकीर तळावर दोघे भेटले. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता, त्याच्या इंजिनाला चांगले स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींकडे जादा होते. त्यांनी ते काढून दिले.

शर्यतीत असं करतात का? जो पुढे गेला तर आपण हरणार, त्याच्या हाती आपणच प्लग ठेवायचे! पण वाळवंटात एकटा अडकलेला वैमानिक काय असतो, ते जेआरडींना ठाऊक होतं. अ‍ॅस्पी ११ मे रोजी कराचीला उतरला, जेआरडी इंग्लंडला पोचायच्या आधी. मनमोहन सिंगांची मुदत थोडक्यात हुकली होती. बक्षीस अ‍ॅस्पीला मिळालं. हाच अ‍ॅस्पी इंजिनियर पुढे एअर मार्शल झाला आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथे जपानी हल्ल्यात मारले गेले.

शर्यती जिंकल्याने विमानसेवा उभी राहत नाही. त्यासाठी नेविल व्हिन्सेंट यावा लागला. हा दक्षिण आफ्रिकेचा माणूस, रॉयल एअर फोर्समधला जुना वैमानिक. जुनी युद्धविमानं घेऊन गावोगाव लोकांना चक्कर मारून आणत तो हिंदुस्थानभर फिरला आणि त्याने नेमकी गरज हेरली. मार्च १९२९पासून लंडनची हवाई टपाल सात दिवसांत कराचीपर्यंत येऊ लागली होती. बोटीला साधारण दोन आठवडे लागत. पण कराचीला उतरलेली पत्रं पुढे रेल्वेने मुंबई-मद्रासला जाताना मिळवलेला वेळ गमावत. याचा फटका कुणाला बसे, ते आपल्या शेजारीच दिसतं: काळाचौकीच्या पूर्वेला हार्बर लाइन ओलांडली की कॉटन ग्रीन लागतं. कापसाचा बाजार कुलाब्याहून तिथे आला तो याच दशकात. लिव्हरपूलचे भाव तारेने येत, पण बिल्टी, हुंड्या, करारपत्रं यांना कागदच लागतो, आणि कागद उशिरा आला तर पैसा अडकून पडतो. कराची ते मुंबई ते मद्रास हा हवाई दुवा जोडायचा, ही व्हिन्सेंटची कल्पना.

टाटांचे जॉन पीटरसन यांनी ती उचलली आणि वृद्ध दोराबजी टाटांना राजी केलं. दोन लाखांची गुंतवणूक. सरकारने मदत म्हणून छदाम दिला नाही. जेवढी टपाल वाहाल तेवढ्याचे पैसे. दोराबजी जून १९३२मध्ये गेले, पहिलं उड्डाण त्यांना बघता आलं नाही. सप्टेंबरात ठरलेला मुहूर्त पावसाने पुढे ढकलला. शेवटी १५ ऑक्टोबर १९३२ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोडवरून पुस मॉथ घेऊन उडाले, सोबत २५ किलो पत्रं. अवघ्या आठवड्यापूर्वी, ८ ऑक्टोबरला, भारतीय हवाई दलाची स्थापना झाली होती. अहमदाबादला विमान उतरलं तेव्हा पेट्रोल बैलगाडीतून आलं. चार-चार गॅलनचे डबे हातांनी उचलून टाकीत रिकामे केले गेले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. मद्रासची पत्रं व्हिन्सेंटने दुसऱ्या विमानात घेतली, रात्री बेल्लारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ती पोचवली.

सगळं खातं मिळून तीन वैमानिक: जेआरडी, व्हिन्सेंट आणि होमी भरूचा. तीन यंत्रकामगार. दोन छोटी विमानं. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, तेच ऑफिस. पावसाळ्यात जुहू बुडालं की सगळा पसारा पुण्याला हलवायचा. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या एवढ्याशा गटाने १,६०,००० मैल उड्डाण केलं, सुमारे दहा टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले, आणि साठ हजार रुपये नफा दाखवला. त्या यंत्रकामगारांबद्दल फारसं लिहिलेलं नाही याची मला खंत आहे. रात्री कंदिलाच्या उजेडात इंजिन उघडून व्हॉल्व्ह घासणारा, फाटलेल्या पंखाला ठिगळ शिवून रोगण चढवणारा माणूस होता म्हणून सकाळी वैमानिक वेळेवर उडत होता. गिरणीत जॉबर-फिटर काय करतो हे जाणणाऱ्या आपल्या वस्तीला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

व्हिन्सेंट जानेवारी १९४२मध्ये युद्धकामासाठी प्रवास करताना फ्रान्सच्या किनाऱ्यालगत विमानासह नाहीसा झाला. टाटांच्या विमानखात्याची १९४६मध्ये एअर इंडिया झाली आणि ८ जून १९४८ला तिचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ऑक्टोबर १९८२मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून एका जुन्या लेपर्ड मॉथमधून एकटे उडाले आणि जुहूला उतरले. त्यांचा सन्मान झाला, 'भारतरत्न' मिळालं, ते योग्यच झालं. इंद्रलाल रॉयच्या नावाचा रस्ता कोलकात्यात आहे आणि टपाल खात्याने १९९८मध्ये त्याचं तिकीट काढलं.

वेलिंगकरच्या नावाचं असं काही मुंबईत माझ्या पाहण्यात नाही. ज्याने खरोखर विमान चालवलं, ज्याच्या उड्डाणाची नोंद आहे आणि ज्याची कबरही आहे, त्या मुंबईच्या मुलाला या शहराने एक पाटी तरी द्यावी. महापालिकेने एखाद्या उद्यानाला, चौकाला त्याचं नाव द्यावं. शाळांनी ३० जूनला, नवं शालेय वर्ष सुरू होताच, मुलांना त्याची गोष्ट सांगावी. आपल्या भागातल्या मंडळांनी स्मरणिकेचं एक पान त्याच्यासाठी राखावं. आणि वाचकांपैकी कुणाचं पॅरिसला जाणं झालं, तर तिथून उत्तरेला आमियांपर्यंत रेल्वे जाते. पुढे हँगार्ड गाव जवळच आहे. तिथे जाऊन या, आणि त्याच्या कबरीपाशी उभं राहून त्याच्याशी दोन शब्द मराठीत बोला.